नोकरी त्याची, जामीन माझा

पायलटच्या बायकोला लोक दोनच प्रश्न विचारतात. तिकीट फुकट मिळतं का, आणि भीती नाही का वाटत? पहिल्याचं उत्तर असं, की जवळजवळ फुकट मिळतं, पण विमानात जागा उरली तर. आणि दिवाळीत, गणपतीत, मे महिन्यात, म्हणजे माणसाला जेव्हा कुठेतरी जावंसं वाटतं तेव्हा नेमकी ती उरत नाही. एरवी पावणेदोनशे माणसं घेऊन उडणारा कॅप्टन अशा वेळी बायकापोरांसह काउंटरपाशी ताटकळत असतो आणि कुणीतरी पूर्ण पैसे भरलेला प्रवासी ट्रॅफिकमध्ये अडकावा म्हणून देवाला साकडं घालत असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, वाटते. महिन्याचं रोस्टर लागतं त्या दिवशी.

आखातातल्या, दुबईच्या एका विमानकंपनीचं बोलावणं आलं तेव्हा मात्र एक तिसराच प्रश्न उभा राहिला, आणि तो मला कुणी विचारलाच नाही. तू राहशील का तिथे?

मी ठाण्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. समोरचा माणूस खुर्ची ओढून घेत 'मॅडम, संधी फार चांगली आहे' असं म्हणाला, की आम्ही आधी फाइल उघडतो. तारण काय, जामीनदार कोण, परतफेड कशातून होणार आणि धंदा बसला तर पुढे काय? एका रविवारी नवऱ्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवून नेमकं तेच वाक्य म्हटलं. मी कपाटातून पुठ्ठ्याची एक कोरी फाइल काढली आणि वर लिहिलं, 'अर्जदार: कॅप्टन (सध्या)'. कंसातल्या शब्दावरून घरात जरा कुरबूर झाली, पण तो शब्द तिथे का होता, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर कळत होतं.

आमचा कॅप्टन इथे एअरबस ३२० चालवतो. मधे एक वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, मुंबई-दिल्ली-मुंबई करणारी आपली नेहमीची विमानं. कॉकपिटात कॅप्टन डावीकडे बसतो, फर्स्ट ऑफिसर उजवीकडे, आणि उजवीकडून डावीकडे सरकायला, म्हणजे कमांड मिळायला, वर्षं जातात. तिकडे चालवायला मिळणार होतं दोन वाटांचं, अवाढव्य बोइंग ७७७. पण खुर्ची उजवी, आणि खांद्यावरची एक पट्टी कमी. कारण मोठ्या विमानाचा अनुभव नाही. शिवाय या धंद्यात सीनियॉरिटी बरोबर नेता येत नाही. कंपनी बदलली की केस पिकलेला वैमानिकही यादीच्या तळाशी जातो आणि त्याच्या वर कालपरवा लागलेली पोरं असतात. सुट्टी, रोस्टरचं बिड, कमांड, सगळं त्या यादीच्या क्रमानं.

"म्हणजे डिमोशन," अण्णा म्हणाले.

"अण्णा, वाइड-बॉडी आहे."

"माझी गाडी नऊ डब्यांची होती, मग बारा डब्यांची झाली. म्हणून मला कुणी गार्डाच्या डब्यात नाही बसवलं."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, मध्य रेल्वेचे निवृत्त मोटरमन. उभी हयात गाडी चालवण्यात गेली, पण कसारा, कर्जत, फार तर खोपोली, यापलीकडे ती कधी गेली नाही, आणि ड्यूटी संपली की ते घरी असत. वाहन चालवणाऱ्या माणसाला त्यासाठी घर हलवावं लागतं, ही गोष्टच त्यांना संशयास्पद वाटते. वैमानिकाच्या नोकरीकडे ते रेल्वेची एक जरा बेशिस्त शाखा म्हणून पाहतात. विमानात डेडमन हँडल, म्हणजे चालकाचा हात सुटला की गाडी थांबवणारी मूठ, नाही, हे कळल्या दिवसापासून तर जास्तच.

उजव्या खुर्चीबद्दल माझी काही हरकत नव्हती. घरात तो इतकी वर्षं उजव्याच खुर्चीत आहे आणि मी काय म्हणेन त्याला 'चेक्ड' म्हणण्याचा सराव त्याला दांडगा आहे.

पुढची मेख नोटिशीची. आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे, की कॅप्टनला कंपनी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर कायदा नवरा-बायकोला सहा महिने थांबून विचार करायला सांगतो. विमानकंपनीशी काडीमोड घ्यायला त्याच्या दुप्पट. आज राजीनामा द्यायचा, मग वर्षभर त्याच मंडळींबरोबर गुडघ्याला गुडघा लावून उडायचं, आणि तिकडच्यांनी तोवर आपली जागा धरून ठेवली असेल, अशी आशा करायची. बँकेत अशा आशेला विनातारण म्हणतात.

आता पगार. आकडा देखणा होता, हे मान्य करायलाच हवं. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, आणि आपल्याकडे कॅप्टनच्या पगाराला सर्वांत वरचा स्लॅब चुकत नाही. 'तिकडे टॅक्स नाही' हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं, की धाकटा ते बालवाडीत म्हणून आला आणि बाईंनी मला गेटवर थांबवून घेतलं. पण टॅक्स नाही म्हणजे कुणी काही मागतच नाही, असं थोडंच आहे? २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे. दुबईत वर्षाच्या घरभाड्यावर ५ टक्के हाउसिंग फी असते आणि ती पाणी-विजेच्या बिलात हप्त्याहप्त्यानं, आवाज न करता येते. रस्त्यावर सालिक नावाचा टोल आहे. त्याला नाका नाही, खिडकी नाही, सुट्ट्या पैशांचा प्रश्न नाही आणि मुख्य म्हणजे वाद घालायला माणूस नाही. गाडी कमानीखालून गेली की पैसे गेले. मुलुंडच्या नाक्यावर भांडून ज्याचं मराठी सुधारलं, त्या माणसाला हे कितपत मानवणार, अशी नोंद मी समासात केली.

घराचंही तसंच. कंपनीच्या वसाहतीतलं घर नको असेल तर भत्ता घ्या आणि स्वतः शोधा. तिथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच हातात द्यायचे असतात. एकच चेक दिलात तर घरमालक चहा पाजतो. चार म्हणालात तर विचारात पडतो. बारा म्हणालात तर तुम्ही कालच्या विमानानं आलात, हे त्याला कळतं.

दिर्हमनं तर आमच्या घरात देशभक्तीचाच पेच उभा केला. हे चलन १९९७ पासून डॉलरला जखडलेलं आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिर्हम, दशांश चिन्हाच्या पुढेसुद्धा हलायचं नाही. म्हणजे रुपया घसरला, की तिकडे काम करणाऱ्या भारतीयाचा पगार बसल्या जागी वाढतो. अण्णा रुपया घसरला की वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्यांपैकी. त्यांनी चष्म्यावरून लेकाकडे पाहत विचारलं, "म्हणजे देशाचं वाईट झालं की आपलं बरं होणार?"

"तसं नाही हो अण्णा."

तसंच होतं. मला स्वतःला यात वेगळीच गंमत वाटत होती. एके काळी दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपलं परकीय चलन वाहून जाऊ लागलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया छापला. १९६६ साली आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दुबईनं त्या रुपयाला रामराम ठोकला. म्हणजे त्यांनी आमचं नाणं सोडलं, आणि आता आमच्या घरातला माणूस त्यांच्या नाण्यासाठी वर्षभराची नोटीस द्यायला निघालेला. वसुली खात्यात असते तर मी हे प्रकरण नक्की वर पाठवलं असतं.

मग सीए आला. त्याच्या शास्त्रात १८२ हा पवित्र आकडा आहे. वर्षात तितके दिवस भारतात भरले की तुम्ही निवासी, आणि मग पुढचे सगळे लाभ हवेत विरतात. त्यानं पेन सरसावून मलाच विचारलं, "वहिनी, साहेब वर्षातले साधारण किती दिवस इथे असतात?"

"भारतात की घरात?" मी विचारलं. त्यानं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न मी आयकर खात्याच्या कितीतरी आधीपासून विचारते आहे.

पगारानंतरचा रकाना जोखमीचा, आणि तो अण्णांनीच भरला. त्यांना उत्साहात आणण्यासाठी कॅप्टननं दुबई मेट्रोचा व्हिडिओ लावला. ही मेट्रो २००९ साली सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून चालकाशिवाय. अण्णांनी व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा लावायला सांगितला. गाडीच्या पुढच्या काचेशी, जिथे मोटरमननं असायचं तिथे, एक लहान मुलगी नाक टेकवून उभी होती. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"ज्या गावानं मोटरमन काढून टाकला," अण्णा म्हणाले, "ते गाव पायलट किती दिवस ठेवणार?"

वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याखाली वैमानिकांच्या घराघरांत पाठ असलेली, बंद पडलेल्या कंपन्यांची यादी लिहिली. २०१२ साली किंगफिशर, एप्रिल २०१९मध्ये जेट, मे २०२३मध्ये गो फर्स्ट. कॅप्टनचं म्हणणं, हे सगळं इथलं झालं, तिकडच्या कंपन्या सरकारी पाठबळाच्या, तिकडे असं होत नाही. मी एका ओळीत २०२० लिहिलं. करोनाच्या त्या वर्षी आखातातल्या बड्या कंपन्यांनीही वैमानिकांना मोठ्या संख्येनं घरी पाठवलं होतं. आणि 'घरी पाठवलं' याचा तिथला अर्थ शब्दशः घ्यायचा. इथे कंपनी बुडाली तर माणूस निदान आपल्या सोफ्यावर बसून काळजी करतो. तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, आणि बायकोमुलांचा परवाना नवऱ्याला. नोकरी गेली की सवलतीचे थोडे दिवस, तेवढ्यात शाळा, घर, गाडी, डबे-बरण्या सगळं आवरून निघायचं.

"पेन्शन?" अण्णांनी विचारलं.

कॅप्टननं ग्रॅच्युइटीचा कायदा सांगितला. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे दर वर्षामागे ३० दिवसांचा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पेन्शन?" मग चष्मा घडी करून खिशात ठेवला. रेल्वेचा माणूस यापुढे चर्चा करत नाही.

सासूबाईंचा आक्षेप मात्र माझ्या फाइलीतल्या कुठल्याच रकान्यात बसेना. त्यांनी न्यायच्या सामानाची यादी करायला घेतली होती आणि कॅप्टननं ती वाचता वाचता सहज सांगितलं, की खसखस न्यायची नाही, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

"खसखशीवर?"

"आई, ती अफूच्या बोंडातली असते. तिकडे अमली पदार्थांत धरतात."

आई मटकन खाली बसल्या. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातल्या एका पितळी डब्यात आपण अफूचा साठा करून आहोत, दिवाळीला अख्ख्या मजल्याला तो अनारशांवरून वाटतो आहोत, आणि बाळंतिणींना डिंकाच्या लाडवांतून देतो आहोत, हे त्यांना प्रथमच कळत होतं. त्यातून सावरल्यावर त्यांनी निकाल दिला, "अनारशाला खसखस नाही, तिथे कुणी सुखी असणं शक्य नाही." पुढे खोकल्याच्या औषधांचा विषय निघाला. कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेता येत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी द्राक्षासवाची बाटलीही गुपचूप यादीतून काढली. ते तसंही कॅप्टनला वर्ज्यच. आसव आंबून तयार होतं, त्यात दारूचा अंश असतो, आणि उड्डाणाआधी इथे नळीत फुंकून दाखवावं लागतं. आयुर्वेदानं परवाना घालवला, असं डीजीसीएला कुठल्या तोंडानं सांगणार?

थोरली नववीत. तिचं म्हणणं दोन वाक्यांत आटोपलं. दहावी इथेच करणार, आणि अरबी शिकणार नाही. तिथल्या शाळांत सीबीएसई आहे, वर्ष आपल्यासारखंच एप्रिलमध्ये सुरू होतं, पण खालच्या वर्गांत परक्या मुलांनाही अरबी शिकावी लागते. धाकट्याला मात्र कसलीच अडचण नव्हती. त्याला तिथे टॅक्स नाही, एवढंच पुरेसं होतं.

या सगळ्यात मला राहून राहून आठवत होते ते आपल्याकडे नोकरीला येणारे परदेशी कॅप्टन. आपल्या कंपन्यांना माणसं कमी पडतात तेव्हा डीजीसीए परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी देतं, आणि मग युरोपातली किंवा दक्षिण अमेरिकेतली मंडळी येऊन इथलं विमान चालवतात. त्यांच्याही घरी अशीच फाइल उघडली असणार. तिथली सासूबाई विचारत असेल, पाणी उकळून प्यायचं? पाऊस चार महिने? आणि तिथला कुणी कर सल्लागार दिवस मोजत असेल. ते आपल्या इथे डावीकडे येऊन बसतात, आपण आखातात जाऊन उजवीकडे बसतो, आणि मधल्या आकाशात दोघं एकमेकांना ओलांडून जाताना रेडिओवर गुड मॉर्निंग म्हणतात. विमानवाहतुकीचा धंदा बहुधा यावरच चालतो.

दरम्यान कॅप्टनची निवड झाली. ऑनलाइन परीक्षा, गटचर्चा, सिम्युलेटरमधली तपासणी, मुलाखत, डोळे, कान, हृदय, सगळं त्यांनी खालीवर करून पाहिलं. मानसशास्त्रीय चाचणी घेतली. सहकाऱ्याशी मतभेद झाले तर काय कराल, असंही विचारलं. त्यानं दिलेलं उत्तर त्यानं मला अभिमानानं सांगितलं. ऐकून घेतो, समजून घेतो, मग निर्णय घेतो. हा सहकारी कोण, याची मी चौकशी केली नाही.

फाइल वाचत बसले तेव्हा खटकलं, की अर्जदाराची इतकी तपासणी झाली, पण जामीनदाराला कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही. आमच्या बँकेत असं प्रकरण समितीपुढे जाऊच शकत नाही. कारण अर्जदार उत्साहात असतो. परतफेड जामीनदाराच्या गळ्यात पडते.

तेव्हा मी नियमाप्रमाणे जागेची पाहणी करायचं ठरवलं. एकटीनं, आणि मुद्दाम जूनमध्ये. दुकानदाराला कर्ज द्यायचं असेल तर त्याचं दुकान दिवाळीत पाहायचं नसतं, मंदीत पाहायचं असतं. कॅप्टनला सांगितलं, तू रजा टाक आणि घर सांभाळ. तो म्हणाला, एवढंच ना?

मुंबई-दुबई तीन तासांचा प्रवास. ठाण्याहून विमानतळाला पोचायला कधी कधी त्याच्या निम्मे तास लागतात. माझी मामेबहीण करामा भागात राहते. तिच्या गल्लीत उतरल्यावर परदेशात आल्याची खूण म्हणून मला बराच वेळ काही सापडेना. चहा मिळत होता, पोळीभाजी मिळत होती, आणि धनंजय दातारांच्या अल अदिल दुकानाचं नाव तिच्या बोलण्यात आमच्या घरी वाण्याचं येतं तितक्या सहज येत होतं. शेवटी परदेश सापडला तो न्हाणीघरात. थंड पाण्याचा नळ सोडला तर उकळतं पाणी. "गीझरचा सोड," ती बाहेरून ओरडली. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात घरात निवलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला तिथे कायद्यानं बंदी आहे. त्या वेळेत मी बाहेर पडले आणि कायदा किती समजूतदार आहे, हे दोन मिनिटांत पटून परत आले.

बहिणीनं मला एका पायलटच्या बायकोकडे नेलं. मूळची कोल्हापूरची. कंपनीच्या वसाहतीत ऐसपैस घर, फ्रिजवर रोस्टर चिकटवलेलं. पांढऱ्या रश्श्याबरोबर तिनं मला जे सांगितलं, ते माझ्या सगळ्या फाइलीत नव्हतं.

"माझा नवरा परदेशात राहत नाही गं," ती म्हणाली. "तो हॉटेलात राहतो. आज व्हिएन्ना, परवा मनिला. ठाण्यातून गेला काय आणि इथून गेला काय, खोली तीच, चादर तीच, सकाळचा ब्रेकफास्ट तोच. परदेशात मी राहते. लायसन्स मी काढलं, शाळा मी शोधली, एसीवाल्याशी हिंदीत, मालकाशी इंग्रजीत आणि पोराच्या अरबीच्या बाईंशी हातवाऱ्यांनी मी भांडले. तो आला की मी त्याला गाव दाखवते."

"मग परत जावंसं नाही वाटत?"

"कशाला? गाव आता माझं झालंय. तोच परका आहे."

मी रश्श्याची वाटी पुढे केली.

इकडे ठाण्यात दुसरी पाहणी आपोआप चालली होती. कॅप्टनचा पहिला फोन आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरून आला. दोन रंगांच्या आहेत, सकाळची कुठली? मग कामाच्या मावशींनी बदली म्हणून आपल्या भाचीला पाठवलं. कॅप्टननं दार उघडल्यावर तिनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" तो काय उत्तरला, हे अजून कळलेलं नाही. पण कळस केला व्हॅनवाल्यानं. धाकट्याला घ्यायला कॅप्टन स्वतः खाली गेला, तर व्हॅनवाला मूल सोडेना. अनोळखी माणसाच्या ताब्यात मूल द्यायचं नाही, असा शाळेचा नियम. कॅप्टननं विमानतळाचा पास काढला. त्या पासावर तो सुरक्षेच्या सगळ्या दारांतून थेट विमानापर्यंत जाऊ शकतो. व्हॅनवाल्यानं पास उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ते ठीक आहे साहेब. वहिनींना फोन लावा."

मी दुबईतल्या एका मॉलमध्ये उभी राहून ओळख पटवली. हो, हे त्याचे वडीलच. हो, इथेच राहतात. म्हणजे, साधारणपणे.

परत आल्यावर मी अहवाल लिहायला बसले. दुबई राहण्यालायक आहे, असं पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. पगार, भाडं, व्हॅट, गीझर, सगळं गणितात बसत होतं. अडचण जागेची नव्हती. माझा नवरा परदेशी व्हावा की नाही, यावर आम्ही सगळे इतके दिवस वाद घालत होतो, आणि तो तर ठाण्यातच, राहत्या घरात, केव्हाच परदेशी झाला होता. तिकडे जाऊन त्याच्यात काही बदल होण्यासारखा नव्हता. बदल व्हायचा तो माझ्यात. तेव्हा शर्ती मी घालणार होते.

मंजुरीपत्र बँकेच्या नमुन्यात टाइप केलं. मुदत तीन वर्षं, आढावा दर मार्चअखेर. थोरलीची दहावी ठाण्यातच. नोटिशीचं वर्ष संपेपर्यंत ती दहावीत पोचलेलीच असेल, पुढचे काही महिने अर्जदारानं एकट्यानं जावं, त्यानं घरच्या हजेरीत फारसा फरक पडणार नाही, असं सीएचंही मत आहे. जामीनदार बँकेतून बिनपगारी रजा मागेल. मिळाली नाही, तर तिकडे तिच्या नावानं स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र नोकरीचा शोध, दोन्हींचा खर्च अर्जदाराकडे. दर दिवाळीला अनारसे खायला सगळे ठाण्यात, तिकीट पूर्ण पैशांचं, स्टँडबाय चालणार नाही. कंपनीतली सीनियॉरिटी काहीही असो, घरातली यादी जुनीच राहील. आणि शेवटच्या पानावर, जरा बारीक टाइपात, वर्षातून पंधरा दिवस जामीनदार एकटीच रजेवर जाईल. त्या काळात अर्जदार घरी राहील, गोळ्यांचे रंग पाठ करील आणि तिथल्या शाळेच्या बसवाल्याला आपला चेहरा आगाऊ दाखवून ठेवील. मुदतवाढ फक्त जामीनदाराच्या लेखी संमतीनं.

साक्षीदार म्हणून अण्णांनी सही केली आणि कंसात 'पेन्शनर' असं लिहिलं. मग कागद कॅप्टनपुढे गेले. विमान हलण्याआधी चेकलिस्टमधली एकही ओळ न सोडणारा हा माणूस. त्यानं रक्कम पाहिली, तारीख पाहिली, पानं भराभर उलटली आणि शेवटी झोकदार सही ठोकली. वाचलं काहीच नाही. कर्जदार शर्ती वाचत नाहीत, हा माझा नोकरीतला आजवरचा अनुभव आहे, आणि बँका चालतात त्या त्याच भरवशावर.